गाडीचा रेडिएटर बदलताना: तांब्याचा की ॲल्युमिनियमचा, हे कसं ठरवावं

दुकानात पाऊल टाकताच प्रश्न येतो, "कॉपर देऊ की ॲल्युमिनियम?" आणि पाठोपाठ सल्लाही मिळतो की तांबं ते तांबंच. मीही बरीच वर्षं तसंच मानत होतो. माझ्या जुन्या जीपचा तांब्याचा रेडिएटर तीनदा झाळून घेतला. चौथ्यांदा गेलो तेव्हा मिस्त्रींनी वरची टाकी उघडून माझ्यापुढे धरली. नळ्यांची तोंडं पांढऱ्या क्षाराने अशी बुजली होती की दाभणाचं टोकही आत जाईना. तांब्यात खोट नव्हती. मी वर्षानुवर्षं त्यात बोअरचं पाणी ओतत आलो होतो. तेव्हापासून कुणी सल्ला विचारला की मी आधी पाण्याची चौकशी करतो, धातूची नंतर.

१. दोष रेडिएटरचाच आहे का, ते आधी बघा

इंजिन तापतंय म्हणजे रेडिएटर गेला, असं धरून चालू नका. पंखा, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, होज पाइप हे सगळं तपासा, पण सुरुवात झाकणापासून करा. झाकण दाब धरून ठेवतं म्हणून पाणी उशिरा उकळतं. बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बार जास्त दाबाखाली साधं पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर चिरलं असेल तर हा फायदा गेलाच, वर घाटात आणखी फटका बसतो. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळू लागतं. आधी झाकण बदलून बघा, खर्च किरकोळ आहे. मात्र इंजिन गार झाल्याशिवाय ते उघडू नका. उसळलेल्या पाण्याने हात-तोंड भाजून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

झाकण ठीक असेल तर गाडी चांगली तापवून बंद करा, बॅटरीची तार काढा (विजेचा पंखा बंद गाडीतही अचानक फिरतो) आणि जाळीच्या जवळून हात फिरवा. सगळीकडे ऊब आणि मध्येच एखादा पट्टा गार लागला, तर तिथल्या नळ्या तुंबल्या आहेत.

२. गाडीत आत्ता काय बसलंय, ते ओळखा

काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्या आणि कडेने दुमडलेले धातूचे दात दिसले तर जाळी ॲल्युमिनियमची आहे. आजच्या बहुतेक मोटारींत हेच असतं. टाकी धातूची आणि काळी रंगवलेली असेल तर कोपऱ्यात चाकूने जरासं खरवडा. पिवळं दिसलं तर पितळ. जुन्या ॲम्बेसेडर, पद्मिनी, जीप यांचे 'तांब्याचे' रेडिएटर असेच असतात: पट्ट्या (नळ्यांना चिकटलेले, हवेत उष्णता सोडणारे पातळ पत्रे) तांब्याच्या, नळ्या आणि टाक्या पितळेच्या, सांधे शिसं-कथलाच्या डाखाचे.

३. 'तांबं जास्त गार करतं' हे नीट समजून घ्या

इथे बहुतेकांची गफलत होते. उष्णता वाहून नेण्यात तांब्याचा आकडा ४०० च्या आसपास आणि शुद्ध ॲल्युमिनियमचा २३५ च्या आसपास, हे खरं आहे. पण पाण्यातली उष्णता आधी पितळेच्या नळीतून जाते, आणि पितळेचा आकडा ११०-१२० च्या घरातला. मग लागतो डाखाचा थर, त्याचा जेमतेम ५०. तांब्यापर्यंत पोहोचेतो वाटेत हे दोन अडथळे येतात. ॲल्युमिनियमच्या जाळीत नळी, पट्टी आणि सांधा एकाच जातीच्या धातूचे असतात आणि सगळी जाळी भट्टीत एकदमच जोडली जाते.

शिवाय ॲल्युमिनियमचं वजन तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. त्यामुळे नळ्या रुंद करता येतात. तांब्या-पितळेत १२ ते १६ मिलिमीटर रुंदीची नळी सर्रास असते, ॲल्युमिनियममध्ये २५ किंवा त्याहून जास्तही मिळते. नळी रुंद म्हणजे तिला पट्टी जास्त चिकटते. आणि खरी अडचण धातूत नसतेच, ती पट्टीवरून हवेत उष्णता जाताना असते. म्हणून वारा किती लागतो आणि पट्ट्या किती शाबूत आहेत, याला धातूपेक्षा जास्त किंमत द्या.

४. तुम्ही आत काय ओतता, त्यावर निर्णय घ्या

डिस्टिल्ड पाणी आणि योग्य कूलंट घालून ते वेळेवर बदलणार असाल, तर ॲल्युमिनियम बिनधास्त घ्या. पण गाडी गावाकडे असेल, ड्रायव्हर बदलते असतील आणि जो येईल तो कळशीतलं पाणी ओतणार असेल, तर ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्यांना आतून खड्डे पडून बारीक भोकं होतात. तांब्यातही क्षार साचतोच, पण टाकी उघडून नळ्यांत रॉड मारता येतात आणि रेडिएटर पुन्हा कामाला लागतो. माझ्या जीपचा तसाच वाचला. तो आजही तांब्याचाच आहे, फक्त बोअरचं पाणी कायमचं बंद केलंय.

कूलंट रंगावरून निवडू नका. हिरवा, लाल, गुलाबी हा कंपनीने घातलेला रंग असतो. गाडीच्या पुस्तकात दिलेला प्रकार बघा, आणि जुन्या तांब्या-पितळेसाठी त्या धातूंना चालणारा आहे का, ते डब्यावर वाचा.

आणखी एक कळकळीची विनंती. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची जुनी युक्ती रस्त्यात अडकलात तर गॅरेजपर्यंत नेईल, पण तीच हळद नळ्यांत आणि हिटरमध्ये जाऊन बसते. पोहोचल्यावर लगेच सगळं धुवून घ्या.

५. दुरुस्ती कोण करणार?

तांब्याची गळती झाळकाम जाणणारा कारागीर तासाभरात बंद करतो. ॲल्युमिनियमच्या जाड भागाला आर्गन वेल्डिंग चालतं, पण पातळ नळी फुटली की बहुधा जाळीच बदलावी लागते. काही रेडिएटरवाल्यांकडे सफाईसाठी कॉस्टिक सोड्याची टाकी असते. त्यात तांबं-पितळ धुतात, ॲल्युमिनियम मात्र कॉस्टिकमध्ये अक्षरशः विरघळतं. काम देताना धातू कोणता, हे आवर्जून सांगा.

कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत दोन्ही धातू झिजतात. तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडून हाताने चुरल्या जातात. तिथे पट्ट्यांवर संरक्षक लेप दिलेली जाळी मिळाली तर तीच घ्या आणि अधूनमधून साध्या पाण्याने, कमी दाबाने धुवा.

६. विकत घेताना

मूळ रेडिएटर ॲल्युमिनियमचा असेल तर ॲल्युमिनियमच घ्या. पंखा, ब्रॅकेट, झाकणाचा दाब सगळं त्याच्या मापाचं असतं. जुन्या गाडीत तांब्याच्या जागी ॲल्युमिनियम बसवणार असाल तर जाळीची जाडी आणि पंख्यापर्यंतचं अंतर मोजून न्या. जास्त जाड जाळी म्हणजे जास्त गारवा, असं होत नाही. ट्रॅफिकमध्ये कमजोर पंख्याला तिच्यातून हवा ओढता येत नाही. झाकणाचा दाब मूळ होता तेवढाच ठेवा. जुन्या पितळी टाकीवर जास्त दाबाचं झाकण बसवलं तर डाख उकलतो.

७. बसवताना आणि नंतर

ॲल्युमिनियमचा रेडिएटर रबरी बुशांवरच बसवा. लोखंडाला थेट टेकला तर घासतो आणि ओलाव्यात तिथेच कुरतडला जातो. जुनी घाण इंजिनातून पूर्ण धुऊन काढा, कूलंट भरा, हिटर असेल तर गरमवर ठेवून अडकलेली हवा बाहेर येऊ द्या.

मग मल्टिमीटर घ्या. इंजिन गार असताना झाकण उघडा, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, लाल टोक धातूला न टेकवता कूलंटमध्ये बुडवा. गाडी सुरू करून दिवे आणि पंखा लावा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ०.३ च्या वर गेलं तर कुठली तरी अर्थिंगची तार सैल किंवा गंजलेली आहे. ती आधी नीट करा, नाहीतर हा वाट चुकलेला करंट नव्या ॲल्युमिनियमला काही महिन्यांत भोकं पाडतो.

पहिला आठवडाभर रोज सकाळी रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतली कूलंटची पातळी बघा. एकदा थोडी उतरली तर ती अडकलेली हवा निघाल्यामुळे, तेवढी भर घाला. रोज उतरत असेल तर गाडी परत गॅरेजला न्या आणि दाब देऊन गळती शोधायला सांगा.