मंडळासाठी वॉकीटॉकी घेण्यापूर्वी

विसर्जन मिरवणुकीच्या गर्दीत मोबाइल लागेनासा होतो, म्हणून अनेक गणेश मंडळे कार्यकर्त्यांसाठी वॉकीटॉकी घेतात. दुकानात चौकशी होते ती संच किती किलोमीटर चालतो याची; परंतु पहिला प्रश्न तो कोणत्या फ्रिक्वेन्सीवर प्रक्षेपण करू शकतो हा असावा, कारण परवाना लागणार की नाही हे प्रामुख्याने त्यावरच ठरते.

भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या अरुंद पट्ट्यात कमी शक्तीचे संच विनापरवाना वापरता येतात. साडेबारा किलोहर्ट्झची एक वाहिनी धरली, तर त्यात जेमतेम सोळा वाहिन्या बसतात आणि त्या सर्वांसाठी सामाईक असतात. संचावरील ‘प्रायव्हसी कोड’ लावल्याने आपले बोलणे गुप्त राहत नाही. इतरांचे बोलणे आपल्या संचावर ऐकू येत नाही, एवढेच. म्हणून देणगीची रक्कम वाहिनीवर बोलू नये.

बाजारातील स्वस्त संच पुष्कळदा १३६ ते १७४ आणि ४०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या विस्तृत पट्ट्यात चालतात, आणि कीपॅडवरून त्यांची फ्रिक्वेन्सी कोणालाही बदलता येते. ‘४४६वर लावून देतो’ या विक्रेत्याच्या आश्वासनावर विसंबू नये, कारण चुकीचे आकडे दाबले गेले की तोच संच दुसऱ्या कोणाच्या, कदाचित आपत्कालीन सेवेच्या, संदेशवहनात अडथळा आणू शकतो. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेले तिथले घरगुती संच ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात. तिथे ते विनापरवाना असले तरी इथल्या सवलतीत ते बसत नाहीत. मंडळातील एखाद्याकडे हौशी रेडिओचा परवाना असला, तरी तो मंडळाच्या कामकाजाला लागू पडत नाही.

विनापरवाना म्हणजे विनामंजुरी नव्हे. दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगकडील इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल, म्हणजे ईटीए, त्या मॉडेलला आहे का, हे विक्रेत्याला विचारून प्रमाणपत्राची प्रत घ्यावी. मग बॅटरी काढून तिच्याखालच्या लेबलवरील मॉडेल क्रमांक प्रमाणपत्रावरील क्रमांकाशी अक्षरशः ताडून पाहावा. शेवटचे एखादे अक्षर वेगळे असेल, तर ते वेगळे मॉडेल असू शकते. ऑनलाइन विक्रीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या असून, फ्रिक्वेन्सी आणि परवान्याची गरज स्पष्ट न सांगणारी जाहिरात दिसल्यास तिथून खरेदी टाळणेच बरे.

वापरताना अँटेना चेहऱ्याला वा उघड्या त्वचेला टेकवू नये. बोलताना संच तोंडापासून साधारण दोन-तीन सेंटिमीटर दूर, उभा धरावा आणि पुस्तिकेत याहून अधिक अंतर दिले असल्यास ते पाळावे. बटण दाबलेले असतानाच संच प्रक्षेपण करतो, त्यामुळे थोडक्यात बोलून बटण सोडावे. ढोल-ताशाच्या आवाजात ओरडून किंवा बटण दाबून ठेवून काही साधत नाही, उलट वाहिनी अडून राहते. अँटेनाचे आवरण फाटले असेल तर तो संच बाजूला ठेवावा, कारण उघड्या धातूच्या स्पर्शाने प्रक्षेपणाच्या वेळी त्वचा किंचित भाजू शकते. पेट्रोल पंपावर संच बंद ठेवावा.

पल्ला कमी पडतो म्हणून मोठी अँटेना किंवा अँप्लिफायर जोडू नये, कारण मंजुरी मूळ स्वरूपातील संचाला मिळालेली असते. उंच इमारतींच्या पेठेत अंतर मोठे असेल, तर मधल्या चौकात एक कार्यकर्ता उभा करून त्याच्यामार्फत निरोप पुढे द्यावा.