ठोकलेली सुपरकार घेऊन, दुरुस्त करून विकायची? या चुका टाळा

निपाणी, चिक्कोडी, खानापूरकडची पोरं हल्ली मला फोटो पाठवतात. पुण्यात किंवा गोव्यात ठोकलेली पोर्शे असते, एखादी ऑडी आर८ असते, क्वचित लॅम्बोर्गिनीही. खाली एकच ओळ: "काका, घेऊ काय?" मी उलट विचारतो, मार कुठून लागला आणि कुठं जाऊन थांबला? या धंद्यात पैसा मिळतो तो या प्रश्नाच्या उत्तरावर आणि बुडतोही त्याच्यावरच.

आधी ही संधी येते कुठून ते बघू. दुरुस्तीचा अंदाज विम्यातल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, म्हणजे विमा कंपनी दुरुस्त करत बसत नाही, मालकाला पैसे देते आणि ठोकलेली गाडी विकायला निघते. महागड्या गाडीचा एक दिवा, एक रिम, एक एअरबॅग कंपनीच्या दराने लावली तरी हा आकडा लवकर ओलांडला जातो. म्हणून वरवर बऱ्या दिसणाऱ्या गाड्याही लिलावात येतात. आपल्याकडं मजुरी कमी आहे आणि हातात कसब आहे. बेळगाव हायवेवर आहे, वर कोल्हापूर-पुणे, खाली हुबळी-बंगळूर, बाजूला चोर्ला घाट उतरला की गोवा. धंदा होऊ शकतो, तो मी केला आहे. पण चुकाही केल्या आहेत.

फोटो बघून बोली लावणे

माझी सगळ्यात महागडी चूक हीच. इंजिन मधोमध असलेली दोन सीटची गाडी होती. फोटोत पुढचा बंपर फुटलेला, एक दिवा गेलेला, मागचं सगळं नवंकोरं. मनात म्हटलं, इंजिन मागं आहे, त्याला धक्का नाही. बोली लावली, गाडी मिळाली, फ्लॅटबेडवरून आणली.

अशा गाड्यांचं इंजिन मागं असलं तरी रेडिएटर पुढं असतात, बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत. पोर्शेची केमन, बॉक्स्टर, ९११ या सगळ्यांची रचना तशीच आहे. माझ्या गाडीचा डावा रेडिएटर फुटला होता. आधीच्या मालकाने ठोकल्यावर गाडी थांबवली नाही, तशीच पुढं चालवली. कूलंट वाहून गेलं, इंजिन तापलं आणि त्याचा वरचा भाग, म्हणजे हेड, वाकलं. मार पुढं लागला आणि जाऊन थांबला सीटच्या मागं. बंपरचा हिशेब धरून घेतलेल्या गाडीचं इंजिन उघडावं लागलं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला झाला.

आता मी गाडीजवळ गेलो की आधी पुढच्या चाकाच्या आतून कोपऱ्यात हात घालतो. सुकलेल्या कूलंटचे पापुद्रे बोटाला लागतात, मिठासारखे, थोडे गुलाबी. ते लागले की मालकाला एकच विचारायचं, ठोकल्यावर गाडी किती चालवली? उत्तर द्यायला तो अडखळला तर इंजिनाचं काम धरूनच किंमत सांगायची. इंजिन चालू करून बघायचा मोह मात्र होऊ देऊ नका. आधी तेल, पाणी तपासा आणि स्कॅनर लावून एरर वाचा.

पुराच्या गाड्यांचंही असंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर, सांगली आणि आपल्या चिक्कोडी भागात पाणी कुठपर्यंत आलं होतं ते सगळ्यांनी बघितलं आहे. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा. सीट, गालिचा सगळं धुतात, पट्ट्याचं आतलं टोक कोणी धूत नाही. तिथं गाळाची रेघ दिसली की परत फिरा. बऱ्याच जर्मन गाड्यांत कंट्रोल युनिट सीटखाली असतात, ती आज चालतात आणि सहा महिन्यांनी रुसतात.

ॲल्युमिनियमला पत्रा समजणे

आपला डेंटर पत्र्यातला राजा. ओढायचं, तापवायचं, ठोकायचं, वर लांबी म्हणजे पुट्टी भरायची. पण ऑडी आर८ चा सांगाडा ॲल्युमिनियमचा आहे. ॲल्युमिनियम तापवलं तर रंग बदलत नाही, लालबुंद होत नाही, ६६० अंशाच्या आसपास सरळ वितळतं. हाताला अंदाज येईपर्यंत भोक पडलेलं असतं. शिवाय लोखंडावर चाललेला ग्राइंडर किंवा वायर ब्रश तिथं वापरला तर लोखंडाचे कण रुततात आणि ओल लागली की तिथूनच गंज सुरू होतो. या कामाची हत्यारं वेगळी ठेवा, जागा वेगळी ठेवा, निदान मधे पडदा तरी लावा. असे सांगाडे वेल्डिंगबरोबर रिव्हेट मारून, काही ठिकाणी चिकटवूनही जोडलेले असतात, तिथं नुसतं वेल्डिंग करून सुटका नाही.

कार्बन फायबरच्या टबची, म्हणजे केबिनचा सांगाडाच कार्बन फायबरचा असलेली गाडी तर नवख्याने घेऊच नये. लॅम्बोर्गिनीची अॅव्हेंटाडोर, मॅक्लारेन यांची केबिन तशी असते. आतली चीर बाहेरून दिसत नाही, आणि ती नीट दुरुस्त करणारं माणूस मला आपल्या भागात अजून भेटलेलं नाही.

इथं एक आपल्या गावचा मोह सांगतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काय बनत नाही? फाउंड्री आहेत, क्रँकशाफ्ट बनतात, हायड्रॉलिकचे पार्ट बनतात. सीएनसीवाला मित्र म्हणतो, "दे की आर्म, दोन दिवसांत हुबेहूब काढून देतो." सस्पेन्शनचा आर्म पन्नास हजाराला मागवायचा की पाच हजारात बनवायचा? मला उद्यमबागेचा अभिमान आहे, माझं निम्मं आयुष्य तिथं गेलं. तरीही आर्म, स्टिअरिंगचा दांडा, हब, सबफ्रेम यातलं काही तिथं बनवू नका, वाकलेलं सरळ करू नका, वेल्डही करू नका. मूळ आर्म फोर्ज केलेला, म्हणजे दाबून घडवलेला असतो. सळईतून खोदून काढलेला तुकडा मापाला बसतो, पण धातूचा तंतू तसा वळलेला नसतो. ब्रॅकेट बनवा, जिग बनवा, पुलर बनवा. चाकाला धरून ठेवणारी वस्तू मूळचीच लावा.

दिवा विझवला म्हणजे एअरबॅग झाली असं मानणे

याबाबत मला कोणाशी तडजोड करता येत नाही. फुटलेल्या एअरबॅगच्या जागी वायरीत छोटा रेझिस्टर घालतात. कॉम्प्युटरला वाटतं बॅग जागेवर आहे, डॅशबोर्डचा दिवा विझतो. वरून नवं कव्हर चिकटवलं की गाडी तयार. पुढं कोल्हापूरच्या एखाद्या घरातलं पोरगं ती गाडी घेऊन जातं, आणि वेळ येते तेव्हा कव्हरच्या आत काहीच नसतं.

घेताना आधी दिव्यावर लक्ष ठेवा. इग्निशन चालू केलं की एअरबॅगचा दिवा लागायला हवा आणि काही सेकंदांनी विझायला हवा. लागतच नसेल तर कोणीतरी आधीच हात मारून गेला आहे. बॅग फुटली असेल तर सीट पट्ट्याचे प्रिटेन्शनर (धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारे) आणि कंट्रोल मोड्यूलही तपासायला लागतात, बरेचदा बदलायला लागतात. तो खर्च पहिल्या दिवशीच हिशेबात लिहा. दुसऱ्या गाडीतून काढलेले मोड्यूलही डोळे झाकून घेऊ नका. ऑडी, लॅम्बोर्गिनीत काही युनिट मूळ गाडीलाच बांधलेली असतात, कंपनीच्या ऑनलाइन यंत्रणेतून मोकळी केल्याशिवाय चालत नाहीत.

कागद नंतर बघू म्हणणे

मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमाखाली नोंदणी रद्द झाली असेल तर तुम्ही घेतली ती गाडी नव्हे, सुटे भाग. पैसे देण्याआधी परिवहन खात्याच्या पोर्टलवर आरसीची स्थिती, बँकेचा बोजा आणि थकलेली चलनं बघा. अपघातात कोणी जखमी झालं होतं का, पोलीस केस आहे का, गाडी कोर्टाच्या ताब्यातून रीतसर सुटली आहे का, हे लेखी घ्या. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासा आणि छाप काढा. एखादा आकडा तिरका आला, आसपास घासल्याच्या रेघा दिसल्या, तर गाडी कितीही सुंदर असो, हात लावू नका. टोटल लॉस गाडीचे कागद चोरीच्या गाडीला जोडणारे लोक आहेत.

सीमेवर राहणाऱ्यांची आणखी एक चूक आहे. महाराष्ट्राची एमएच गाडी हौसेने बेळगावची केए-२२ करून घेतात. कर्नाटकात २० लाखांवरच्या नव्या गाडीला आजीवन कर १८ टक्के, वर सेस. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी बसतो, तरी सुपरकारच्या बाबतीत तोही लाखांतच जातो. आधी गिऱ्हाईक कुठलं ते ठरवा. ते कोल्हापूर-पुण्याचं असेल तर एमएचच राहू द्या. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते घेतलं की गाडी रीतसर तुमच्या ताब्यात नोंदवता येते. गाडी नावावर करायचे फॉर्म २९-३० सह्या करून कोरेच खिशात घेऊन फिरायचे दिवस संपले.

जीएसटी विसरणे

जुन्या गाडीच्या मार्जिनवर १८ टक्के जीएसटी आहे. मार्जिन म्हणजे विक्रीतून खरेदी वजा, दुरुस्ती त्यात धरत नाहीत. समजा ३० लाखांना घेतली, २० लाख लावले आणि ६० ला विकली. तुम्हाला वाटतं १० लाख सुटले. कर ३० लाखांवर बसतो, म्हणजे ५ लाख ४० हजार. हातात राहिले ४ लाख ६० हजार, त्यातून गाडी उभी असलेल्या महिन्यांचं भाडं आणि व्याज जायचं आहे. बोली लावण्याआधी सीएकडं बसा.

विकताना मार लपवणे

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? गिऱ्हाईक पेंटची जाडी मोजायचं यंत्र घेऊन येतो. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, लांबी भरलेल्या जागी आकडा कितीतरी पटीने वर उडी मारतो. मी फाईल ठेवतो. त्यात ठोकलेल्या अवस्थेचे फोटो, उघडल्यावरचे फोटो, प्रत्येक पार्टचं बिल, अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा कागद. फुटलेला जुना पार्टही पेटीत ठेवतो. गेल्या गाडीचं गिऱ्हाईक पणजीहून वडिलांना घेऊन आलं होतं. त्या वडिलांनी गाडीकडं फारसं बघितलंच नाही. पेटीतला वाकलेला आर्म हातात घेतला, बराच वेळ फिरवून बघितला आणि विचारलं, "याच्या जागी नवा घातला त्याचं बिल दाखवा." मी दाखवलं. मग त्यांनी मुलाला चावी घ्यायला सांगितली.