होम वर्कशॉपसाठी स्वस्त मशीन घेताय? या चुका टाळा

माझं पहिलं टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड चिरणारं मशीन, मी खोक्यावरचा आकडा बघून घेतलं. १८०० वॅट! पहिल्याच आठवड्यात कपाटाच्या दारासाठी फळी चिरली. एका टोकाला ३०० मिलिमीटर भरली, दुसऱ्या टोकाला २९७. मोटर दणकट होती, पण फळी टेकली की फेन्सचं, म्हणजे फळी सरळ सरकवायला आधार देणाऱ्या पट्टीचं, मागचं टोक ढळायचं. तीन महिने मी स्वतःच्या हाताला दोष देत बसलो.

वॅटचा आकडा मशीन किती वीज खातं ते सांगतो, पात्यापर्यंत किती ताकद पोहोचते ते नाही. १८०० ला ७४६ ने भागायचं आणि "जवळजवळ अडीच हॉर्सपॉवर" म्हणून विकायचं, ही जुनी युक्ती. त्यातलं बरंच उष्णतेत आणि घर्षणात जातं. वॅटऐवजी मोटर कुठल्या प्रकारची आहे ते विचारा. कार्बन ब्रशवाली (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे, झिजणारे तुकडे असलेली) मोटर हलकी आणि स्वस्त असते, पण कर्कश ओरडते आणि सलग काम दिलं की तापते. इंडक्शन मोटर जड असते, महाग पडते, पण तासन्‌तास चालते. रविवारपुरतं काम असेल तर ब्रशवालीही पुरते. फक्त तिचे ब्रश सुटे मिळतात का आणि बाहेरून बदलता येतात का, हे आधी बघा.

आता फेन्स. मशीन घेण्याआधी दुकानातच तपासा. प्लग काढलेला हवा. पात्याच्या पुढच्या बाजूच्या एका दातावर खूण करा आणि तिथून फेन्सपर्यंत अंतर मोजा. मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे आणा आणि पुन्हा मोजा. दात तोच हवा, कारण पातं किंचित वाकडं असलं तरी मग मापात चूक येत नाही. मागचं अंतर कमी भरलं तर लाकूड पातं आणि फेन्समध्ये आवळलं जातं. काप जळून काळा पडतो आणि वेळ वाईट असेल तर फळी तुमच्या अंगावर उलटी येते. फरक जुळवायचे स्क्रू असतील तर हरकत नाही. नसतील तर कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या. चिरलेली फळी पात्यावर आवळू न देणारी पात्यामागची फाळ, म्हणजे रायव्हिंग नाइफ, नसलेलं टेबल सॉ तर मी फुकटही घेणार नाही.

मायटर सॉ, म्हणजे वरून खाली येऊन ठरावीक कोनात आडवं कापणारं मशीन, घेत असाल तर गुण्यावर (काटकोन तपासायच्या पट्टीवर) विसंबू नका. रुंद, सरळ पट्टी ९० अंशात कापा. एक तुकडा उलटा करून दोन्ही तुकड्यांची कापलेली टोकं सरळ कडेला टेकवून जोडा. जी फट दिसेल ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे लपत नाही.

प्लायच्या कडा फाटतात म्हणून मशीन परत करायला निघालेले बरेच जण मी पाहिलेत. मशीनला शिव्या घालण्याआधी पातं बदला. सोबत बहुतेक वेळा २४ दातांचं पातं येतं. ते लाकडाच्या रेषांच्या दिशेने चिरायला ठीक, पण प्लायला आणि आडव्या कापाला ६० दातांचं लागतं. बजेट ठरवतानाच चांगल्या पात्याचे पैसे बाजूला काढून ठेवा.

पैसे वाचवायला काही जण अँगल ग्राइंडरलाच (धातू घासायच्या-कापायच्या हातातल्या मशीनला) लाकूड कापायचं दातेरी पातं लावतात. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला १०,००० च्या वर फेरे घेतो, त्यात फाळ नाही, फेन्स नाही. दात अडकला की हातातून उसळतो. इथे काटकसर नको.

थिकनेस प्लेनरचा, म्हणजे फळी एकसारख्या जाडीची करणाऱ्या मशीनचा, गैरसमज तर घरोघरी. वाकडी फळी आत घातली की सरळ होऊन येईल असं वाटतं. रोलर तिला दाबून सपाट करतात, बाहेर पडली की ती पुन्हा वाकते. हाती येते पातळ, वाकडी फळी! आधी एक बाजू रंध्याने सपाट करा, मग प्लेनरला द्या.

जुनं, ओतीव लोखंडाचं मशीन मिळालं तर मी नव्या पत्र्याच्या मशीनपेक्षा तेच घेईन. प्लग काढून पातं धरून हलवून बघा. खडखडलं तर बेअरिंग गेलंय, पण ते बदलता येतं. मोटरची पाटी मात्र नीट वाचा. कारखान्यातली मशीन बरेचदा थ्री फेजची असतात आणि घरात बहुधा सिंगल फेज वीज असते, तिच्यावर ती थेट चालत नाहीत.

आणि मशीन कुंथत असेल तर वायर बघा. बारीक, लांब एक्स्टेन्शनवर व्होल्टेज पडतं, मोटर तापते. रिळावर गुंडाळलेली वायर तर स्वतःच वितळायला येते.

भुशाचं सगळ्यात शेवटी सुचतं. लाकडाची धूळ आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, १९९५ मध्येच कर्करोगकारक ठरवली आहे. दिसणारा भुसा खाली पडतो, छातीत जाते ती न दिसणारी धूळ. मशीनच्या धूळ-तोंडाचा व्यास मोजून मगच व्हॅक्यूम घ्या. माझं व्हॅक्यूम अजून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि क्लिप लावून जोडलेलं आहे.