रिम ब्रेकचा जोर वाढवताना या चुका टाळा

माउंटन बाइकचा रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कड्यावर (रिमवर) पॅड दाबणारा ब्रेक, कमी लागायला लागला की बहुतेक जण आधी नवे ब्रेक आर्म, म्हणजे पॅड धरणारे दांडे, घेतात. आर्म वाकलेले नसतील आणि पिव्होटवर (ज्यावर ते फिरतात तिथे) खुळखुळत नसतील, तर हा खर्च सगळ्यात शेवटी करायचा. त्याआधी सायकल उभी करा आणि पुढचा लिव्हर जोरात दाबून धरा. पॅड रिमला टेकल्यावरही लिव्हर हँडलकडे जातच राहिला, तर बोटांचा जोर वाटेत जिरतोय. तिथे केबल, आउटर (केबलवरचं आवरण) आणि लिव्हर तपासायचे. लिव्हर दगडासारखा लागतो पण सायकल थांबत नाही, असं असेल तर आधी पॅड आणि रिम बघायचे. पहिल्या दुखण्यावर महाग पॅड लावले, की पैसे जातात आणि ब्रेक होता तसाच राहतो.

जुना लिव्हर, नवा व्ही-ब्रेक

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कँटिलिव्हर (जुन्या पद्धतीचा, केबल मधून वर ओढणारा ब्रेक) आणि व्ही-ब्रेक (लांब आर्मचा, केबल आडवी ओढणारा) फ्रेमवरच्या एकाच जातीच्या बॉसवर, म्हणजे खुंट्यांवर, बसतात, त्यामुळे जुने काढून नवे लावणं सोपं वाटतं. पण व्ही-ब्रेकला जवळजवळ दुप्पट केबल ओढावी लागते. कँटिलिव्हरचा जुना लिव्हर तेवढी ओढत नाही. पॅड रिमला अगदी चिकटवून ठेवले तरच ब्रेक लागतो, आणि पॅड थोडे झिजले की लिव्हर थेट हँडलला टेकतो. उतारावर हे कळणं परवडत नाही. उलटी जोडी, म्हणजे व्ही-ब्रेकचा लिव्हर आणि कँटिलिव्हर, असेल तर लिव्हर एकदम घट्ट लागतो आणि पकड मात्र नावालाच.

ओळखायची खूण सोपी आहे: व्ही-ब्रेकच्या लिव्हरमध्ये केबलचं डोकं (टोकाचा गोळा) लिव्हरच्या पिव्होटपासून जास्त लांब बसतं. काही लिव्हरमध्ये हे अंतर बदलता येतं. डोकं पिव्होटकडे सरकवलं की जोर वाढतो, पण केबल कमी ओढली जाते. मग चाक सरळ फिरायला हवं आणि पॅड जवळ ठेवायला हवेत. डुगडुगत्या चाकावर हा प्रयोग करू नये.

फ्रेमला आणि फोर्कला बॉसच नसतील, मधल्या एका भोकात बसणारा कॅलिपर (चिमट्यासारखा ब्रेक) असेल, तर व्ही-ब्रेक बसणारच नाही. विकत घेण्याआधी हे बघा.

आउटरकडे दुर्लक्ष

घरात उरलेला गिअरचा आउटर ब्रेकला लावणं ही साधी काटकसर नाही, धोका आहे. गिअरच्या आउटरमधल्या तारा लांबीच्या दिशेने सरळ जातात. ब्रेकच्या दाबाखाली त्या फाकून आउटर फुटू शकतो. ब्रेकच्या आउटरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते आणि तो साधारण 5 मिमी जाडीचा असतो. आतली केबलही गिअरच्या केबलपेक्षा जाड, साधारण 1.5 ते 1.6 मिमी.

आउटर कापल्यावर टोक नीट बघा. गुंडाळलेल्या तारेचा एक काटा आत वळलेला असतो आणि आतली प्लॅस्टिक नळी चेपलेली असते. कानशीने टोक सपाट करा, दाभणाने नळीचं तोंड उघडा, मग आउटरच्या टोकाची टोपी बसवा. हे दोन मिनिटांचं काम टाळलं की दर वेळी ब्रेक दाबताना ती टोपी तिरकी होते, आणि तेवढा लिव्हर मऊ लागतो. आउटर गरजेपेक्षा लांब नको; पण हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवलं तरी तो ताणला जाता कामा नये. व्ही-ब्रेकची वाकडी नळी, म्हणजे नूडल, आतून गंजली असेल तर तीही याच वेळी बदला.

पॅड लावताना

कार्ट्रिज होल्डरमधल्या, म्हणजे खाचेत सरकवून बसवायच्या, पॅडना दिशा असते. होल्डरची बंद बाजू पुढे हवी. उलट लावलं तर ब्रेक मारताना फिरती रिम पॅडला उघड्या बाजूने बाहेर ओढते.

पॅड पूर्णपणे रिमच्या ब्रेकिंग पट्ट्यावर बसलं पाहिजे. वर सरकलं तर टायरची बाजू कापतं आणि टायर फुटतो. खाली गेलं तर त्याचा खालचा भाग झिजत नाही, तिथे ओठासारखी कड तयार होते आणि ती रिमखाली अडकते. अशी कड दिसली की पॅड बदला आणि जागा सुधारा.

पॅडच्या बोल्टवर दोन जाडीचे वाटीदार वॉशर असतात. पॅड रिमला टेकलेले असताना दोन्ही आर्म साधारण समांतर दिसायला हवेत. दिसत नसतील तर जाड आणि पातळ वॉशरची अदलाबदल करा. बोल्ट आवळताना पॅड हाताने धरून ठेवा, नाहीतर ते बोल्टबरोबर फिरतं. आवळायला 6 ते 8 न्यूटन मीटर टॉर्क (पिळाचा जोर) पुरतो. ब्रेक कर्कश वाजत असेल तर आवळताना पॅडच्या मागच्या टोकाखाली जाड कागद ठेवा, म्हणजे पुढचं टोक आधी टेकेल. मागे अर्धा ते एक मिमी फट बास. जास्त ठेवली तर लिव्हर पुन्हा मऊ लागतो.

रिमवर स्प्रे

साखळीला मारलेला तेलकट स्प्रे रिमवर उडतो आणि नव्या पॅडची पकड तिथेच संपते. रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल तर सँडपेपरने खरवडा आणि त्यात रुतलेले ॲल्युमिनियमचे चकाकते कण टाचणीने काढा. तेच कण रिमवर ओरखडे पाडतात. क्रोम केलेली स्टीलची रिम असेल तर पावसात कुठलंही पॅड फारसं कामाचं नाही. तिथे ॲल्युमिनियमची रिम हाच खरा अपग्रेड. रिमची बाजू बोट फिरवल्यावर आत दबलेली लागली तर ब्रेकचं काम बाजूला ठेवा, आधी रिम बदला.

एकच पॅड घासतंय

केबल सैल करून हे सुटत नाही. ज्या बाजूचं पॅड घासतंय त्या आर्मचा छोटा स्क्रू अर्धा फेरा आवळा. स्प्रिंगचा ताण वाढून ते पॅड दूर जाईल. तरी फरक नाही? दोन्ही स्प्रिंगची टोकं बॉसच्या एकाच क्रमांकाच्या भोकात आहेत का बघा. पिव्होटला गंज असेल तर आर्म काढून बॉस पुसा आणि अगदी थोडं ग्रीस लावा.

काम झाल्यावर सायकल हाताने ढकलत पुढचा ब्रेक दाबा; मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मग मोकळ्या सपाट जागी पंधरा-वीस वेळा वेग घेऊन थांबा, म्हणजे पॅड रिमशी जुळतात. पहिल्या काही दिवसांत नव्या आउटरच्या टोप्या बसतात आणि लिव्हर थोडा सैल होतो. लिव्हरजवळचा ॲडजस्टर (केबल ताणायचा, हाताने फिरवायचा स्क्रू) एक-दोन फेरे बाहेर काढला की पुरतं. तो जवळजवळ पूर्ण बाहेर आला असेल, तर परत आत घालून केबल आर्मवरच्या बोल्टपाशी ओढून घ्या.