नांगरटीत वर येणारा अर्चिन: कॉट्सवोल्ड्समधील जीवाश्म कसे शोधावेत व जपावेत

महाराष्ट्राचा बहुतांश भाग लाव्हारसाच्या काळ्या कातळाचा असल्यामुळे सागरी अर्चिनचे (काटेरी, गोलसर कवचाच्या समुद्री प्राण्याचे) जीवाश्म आपल्याकडच्या शेतात सापडण्याची आशा धरू नये. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या, किंवा तेथे मुलांकडे काही महिने राहायला जाणाऱ्या मराठी माणसाला मात्र कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांवर ही संधी आहे. सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वी तेथे उबदार, उथळ समुद्र होता. त्याच्या तळाच्या गाळात वावरणारा ‘क्लायपियस प्लॉटाय’ हा अर्चिन आज तळहाताएवढ्या दगडी पावासारखा नांगराच्या फाळाबरोबर वर येतो, म्हणून चेडवर्थ गावाच्या नावाने त्याला ‘चेडवर्थ बन’ म्हणतात. ऑक्सफर्डशायरमध्ये दूधदुभते पाहणाऱ्या बायका याच दगडांनी लोणी तोलीत. १७६९ साली तेथील चर्चिल गावी जन्मलेल्या विल्यम स्मिथने लहानपणी ही वजने पाहिली होती. इंग्लंडच्या खडकांचा त्याचा प्रसिद्ध नकाशा १८१५ सालचा.

प्रथम खडक शोधावा. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेच्या संकेतस्थळावरील विनामूल्य नकाशात ‘सॅल्पर्टन लाइमस्टोन’ हे नाव पाहावे, कारण हा अर्चिन ज्यात सापडतो तो ‘क्लायपियस ग्रिट’ हा थर त्याचाच भाग आहे.

त्यानंतर शेतकऱ्याची परवानगी घ्यावी. शेतातून जाणारी सार्वजनिक पायवाट फक्त चालण्याचा हक्क देते, दगड उचलण्याचा नव्हे. संरक्षित शास्त्रीय स्थळांतून काहीही घेऊ नये.

नांगरट होऊन एकदोन पाऊस पडून गेलेले आणि अद्याप पेरणी न झालेले शेत सर्वांत चांगले, कारण पावसाने माती धुऊन निघालेली असते. हातोडी घरीच ठेवावी. फोडण्याचे काम नांगराने केलेले असते, आपण फक्त पाहायचे असते. माशाच्या गाबोळीसारखे बारीक गोल दाणे असलेले चुनखडीचे तुकडे दिसू लागले की चाल मंद करावी. अर्चिनच्या वरच्या बाजूस पाच पाकळ्यांची नक्षी असते, खालची बाजू सपाट असून तिच्या मध्यावर तोंडाचा खळगा असतो, आणि वर मागच्या बाजूस गुदद्वाराची खाच असते. काटे शोधत बसू नये, कारण प्राणी मेल्यावर ते लवकर गळून पडतात. तुकडा अर्धवट असला, तरी मोडलेल्या कडेवर सपाट चकाकी दिसते का ते पाहावे: अर्चिनच्या कवचाची प्रत्येक पट्टिका कॅल्साइटच्या (चुनखडीतील खनिजाच्या) एकाच स्फटिकासारखी असल्यामुळे ती अशी तुटते.

उचलण्यापूर्वी जागेचा ग्रिड संदर्भ (नकाशावरील चौकटींनुसार जागेचे आकडे) आणि तारीख वहीत लिहावी, मग नग कागदात गुंडाळून त्याच क्रमांकाची चिठ्ठी आत घालावी. हे काम ‘घरी गेल्यावर करू’ असे म्हणणाऱ्यांच्या खोक्यांत निनावी दगडच साचतात. ठिकाण हरवलेला देखणा नग अभ्यासाच्या दृष्टीने साध्या, पण नोंद असलेल्या तुकड्याहून कमी मोलाचा ठरतो.

घरी आल्यावर नग एक रात्र साध्या पाण्यात भिजवावा, मऊ दातब्रशने माती काढावी आणि पाकळ्यांच्या रेघांतील गाळ लाकडी काडीने हळूहळू सोडवावा. व्हिनेगर किंवा लिंबू कधीही वापरू नये: आम्लाने कॅल्साइट विरघळते, आणि ज्या नक्षीसाठी आपण चिखल तुडवला तीच आधी जाते. नग सावलीत वाळवून, तळाशी न दिसेल अशा जागी पातळ लॅकरचा ठिपका द्यावा आणि तो सुकल्यावर त्यावर शाईने वहीतील क्रमांक लिहावा.