स्वसंरक्षणार्थ गोळीबाराचा खटला: हेतू आणि वाजवी शंका कशी तोलावी

आधी घटनेची तारीख पाहा. १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर भारतीय दंडविधानाची ९६ ते १०६ ही कलमे लागतात, त्या दिवशीची किंवा त्यानंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४. तत्त्व तेच आहे, क्रमांक बदललेत. पुढे नवे क्रमांक वापरले आहेत.

मग हेतूकडे या. बहुतेकांचे पाऊल इथेच चुकते. मारायचाच हेतू होता हे दिसले की निकाल लागला, असे धरले जाते. पण हा बचाव घेणारा आरोपी गोळी झाडल्याचे, अगदी नेम धरल्याचेही बहुधा कबूलच करतो. कलम ३८ सात प्रसंगांत हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क देते. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला हे त्यातले काही. त्यामुळे जाणूनबुजून झाडलेली गोळीही गुन्हा नसू शकते. शोधायचे ते एवढेच, की चाप ओढताना आरोपीला समोर काय दिसत होते आणि त्यावरून त्याला वाटलेली भीती वाजवी होती का. प्रत्यक्ष वार पडण्याची वाट पाहायचे बंधन त्याच्यावर नाही. पळून जायचेही नाही. मात्र पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ हाताशी होता, असे दिसले तर कलम ३७ प्रमाणे हक्कच उरत नाही.

आता तराजू. इथे दोन वेगळी मापे आहेत आणि ती मिसळली की निकाल बिघडतो. खुनाचा आरोप वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करायचा भार सरकार पक्षावर असतो आणि तो शेवटपर्यंत हलत नाही. स्वसंरक्षण हा अपवाद आहे, म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ नुसार तो दाखवायचा भार आरोपीवर येतो. पण त्याचे माप हलके आहे, पारडे संभाव्यतेच्या बाजूने झुकले, म्हणजे तसे घडले असण्याची शक्यता जास्त दिसली, तरी पुरते. त्यासाठी त्याने स्वतः साक्ष द्यायलाच हवी असेही नाही. सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासणीतून चित्र उभे राहिले तरी चालते, हे मुन्शी राम खटल्यात पूर्वीच स्पष्ट झाले.

तिसरी पायरी नेहमी गाळली जाते. बचाव संभाव्यतेच्या मापालाही पुरा उतरला नाही, तरी त्याच पुराव्यामुळे गुन्ह्याच्या एखाद्या घटकाबद्दल, विशेषतः हेतूबद्दल, वाजवी शंका उरते का, हे वेगळे तपासावे लागते. उरत असेल तर फायदा आरोपीचा. नौदल अधिकारी नानावटीच्या खून खटल्याच्या १९६१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे नीट उलगडून सांगितले आहे. तिथला बचाव अपघाताचा होता, स्वसंरक्षणाचा नव्हे. पण हेतू कसा वाचावा याचा धडा त्यात आहे. रिव्हॉल्व्हर जहाजावरून खोटे कारण सांगून घेतलेले. झटापट झाली म्हणावे, तर मृताच्या कमरेचा टॉवेल सुटलाही नव्हता. मनातले कुणाला दिसत नाही; ते अशा वस्तूंवरून वाचायचे.

म्हणून प्रत्येक गोळीचा हिशेब स्वतंत्र मांडा. कागदावर गोळीगणिक एक ओळ काढा: झाडणारा कुठे होता, मृत कुठे, त्याच्या हातात काय, आधीच्या गोळीनंतर किती वेळ गेला, आणि हे कोणत्या पुराव्यावरून. पहिली गोळी हक्कात बसते आणि तिसरी बसत नाही, असे घडू शकते. योगेंद्र मोरारजी खटल्यात (१९८०) मजुरांनी गाडी अडवल्यावर रिव्हॉल्व्हरमधून लागोपाठ तीन गोळ्या झाडल्या गेल्या; हक्क ओलांडला असे ठरले आणि शिक्षा सदोष मनुष्यवधाची राहिली. उलट दर्शन सिंग खटल्यात (२०१०) वडिलांवर गंडाशाचा (लांब दांड्याच्या कुऱ्हाडीसारख्या शस्त्राचा) वार झाल्यावर मुलाने गोळी झाडली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले.

अंतराचा पुरावा शवविच्छेदन अहवालात असतो. हातबंदुकीच्या बाबतीत जखमेभोवती काजळी असेल तर अंतर साधारण फूटभराच्या आत, बंदुकीच्या दारूच्या कणांचे बारीक ठिपके असतील तर दोन-तीन फुटांपर्यंत. हे ढोबळ आकडे आहेत. शस्त्र आणि काडतूस बदलले की बदलतात, म्हणून तेच शस्त्र आणि तशीच काडतुसे वापरून चाचणी घेतली होती का, हे विचारा. नेहमीची चूक म्हणजे कपडे विसरणे. काजळी शर्टावर अडते, कातडी स्वच्छ दिसते आणि जवळची गोळी लांबची ठरते. शर्ट प्रयोगशाळेत गेलाच नसेल, तर अंतराबद्दलचे मत कच्चे माना. पाठीतली जखमही एकटी काही सांगत नाही. माणूस क्षणात वळतो. रिकाम्या पुंगळ्यांचे तसेच आहे. पिस्तूल त्या बाहेर फेकते, रिव्हॉल्व्हरमध्ये त्या आतच राहतात. त्यामुळे ‘जागेवर पुंगळी सापडली नाही’ यावर कुणी भर देत असेल, तर आधी शस्त्र कोणते ते पाहा.

आरोपीच्या अंगावरच्या जखमा आवर्जून मोजा. त्याच प्रसंगात त्याला गंभीर इजा झालेली असताना सरकारी साक्षीदार त्याबद्दल गप्प असतील, तर ते घटनेची सुरुवात लपवत असावेत, असे अनुमान काढता येते (लक्ष्मी सिंग, १९७६). किरकोळ ओरखड्यांना हे वजन देऊ नका.

शंका वाजवी आहे का, हे पाहायला तिला पुराव्यातली जागा दाखवायला सांगा: कोणता जबाब, पंचनाम्यातली कोणती ओळ, कोणते मोजमाप. दाखवता आली नाही तर ती कल्पना आहे. साक्षीदार वेळ पाच मिनिटांनी चुकला, ही शंका नव्हे. हल्लेखोराच्या हातात कोयता होता की नाही यावर दोन प्रत्यक्षदर्शी विरुद्ध बोलतात आणि कोयता जप्तच झालेला नाही, ही मात्र गाभ्याला भिडणारी शंका.

हक्क होता पण ओलांडला, असे निघाले तर सरळ जन्मठेपेकडे जाऊ नका. कलम १०१ चा दुसरा अपवाद वाचा: सद्भावनेने, पूर्वनियोजन नसताना, बचावाला लागते त्याहून जास्त इजा करण्याचा हेतू नसताना मर्यादा ओलांडली, तर तो खून नाही, सदोष मनुष्यवध आहे. मग कलम १०५. तिथे मृत्यू घडवण्याचा हेतू दिसला तर जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षे कैद. मृत्यू होईल एवढी नुसती जाणीव असेल तर जास्तीत जास्त १० वर्षे. हेतू आणि जाणीव यांतला हा फरक ठरवताना गोळीगणिक काढलेला तोच कागद पुन्हा समोर घ्या.