गाडीच्या काळ्या प्लॅस्टिकला घरी स्प्रे मारायचाय? आधी पार्ट उलटा करून बघा

बंपरची खालची पट्टी, चाकांवरच्या कमानी, आरशांची कव्हरं, हे काळं प्लॅस्टिक उन्हाने पांढरट पडलं की बरेच जण काळ्या स्प्रेचा कॅन आणतात, फडक्याने धूळ झटकतात आणि मारून मोकळे होतात, मग काही महिन्यांत पोपडे निघायला लागले की कॅनला शिव्या. कॅनचा दोष फार कमी वेळा असतो हो. रंग टिकणार की नाही हे स्प्रे हातात घ्यायच्या आधीच ठरलेलं असतं.

तर पहिलं काम, पार्ट काढा आणि उलटा करून बघा. मागे प्लॅस्टिकचा प्रकार सांगणारी बारीक अक्षरं उठवलेली असतात. एबीएस असेल तर काम सोपं, नेहमीचा प्लॅस्टिक प्रायमर त्यावर छान धरतो. पण पीपी, टीपीओ किंवा पीपी अधिक ईपीडीएम असं काही असेल, आणि बाहेरच्या खरखरीत काळ्या पार्टवर बहुतेक तेच असतं, तर ते पॉलिप्रोपिलीन, त्याला गोंदसुद्धा धड चिकटत नाही तर रंग कुठून चिकटणार. त्याला अ‍ॅडहेजन प्रमोटर, म्हणजे रंगाला पकड देणारा आधीचा थर, लागतोच. अक्षरं नसतील तर मागच्या बाजूचा नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाका, तरंगला तर पीपीच्या घरातलं समजा. बुडला म्हणजे एबीएसच असं मात्र नाही, कारण टाल्क, म्हणजे खनिजाची पूड, भरलेलं पीपीही बुडू शकतं, अशा वेळी दोन्हीवर चालणारा प्रमोटर आणा आणि मारा.

क्लिपा थंडीत पटकन तुटतात, त्यामुळे काढताना पार्ट जरा गरम असलेला बरा, आणि स्क्रूड्रायव्हर नको, प्लॅस्टिकची पट्टी घालून उचकटा. जे निघणारच नाही ते चांगल्या मास्किंग टेपने आणि कागदाने झाका, आणि झाकताना हात आखडू नका, स्प्रेचे बारीक कण खूप लांब जाऊन शेजारच्या बॉडीवर बसतात.

आता धुणं. इथे घाई करूच नका, माझ्या मते निम्मं काम हेच आहे. प्लॅस्टिक चमकवायला आपण जे पॉलिश लावतो त्यात बऱ्याचदा सिलिकॉन असतं, त्याचा अंश राहिला की ओला रंग तिथून मागे सरतो आणि गोल गोल खड्डे पडतात, त्यालाच फिश आय म्हणतात. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि ब्रश, टेक्स्चरच्या खाचांत ब्रश जायलाच हवा, असं दोनदा, मग पूर्ण वाळवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. एका फडक्याने लावायचं आणि ते उडायच्या आत दुसऱ्या कोऱ्या फडक्याने टिपायचं, नाहीतर तेल नुसतं इकडचं तिकडे होतं. आणि हे घासायच्या आधी करायचं, आधी घासलं तर तीच घाण ओरखड्यांत जाऊन बसते.

मग घासणं. गुळगुळीत पार्ट असेल तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर ६००, पाणी लावून. खरखरीत टेक्स्चर असेल तर पेपर नको, त्याने फक्त उंचवटे घासले जातात आणि टेक्स्चर चपटं होतं, तिथे ग्रे स्कफ पॅड, म्हणजे खाचांत शिरणारा मऊ घासणीसारखा पॅड, वापरा. पांढरी भुकटी निघणं पूर्ण थांबेपर्यंत घासा, कारण ते उन्हाने मेलेलं प्लॅस्टिक आहे, त्याच्यावर चढवलेला रंग त्याच्यासकट निघतो. पुन्हा धुवा, वाळवा, अल्कोहोलने पुसा, आणि यापुढे उघड्या बोटांनी हात लावू नका.

प्रमोटर अगदी पातळ मारायचा, पुढचा कोट किती मिनिटांत द्यायचा ते कॅनवर लिहिलेलं असतं, ती वेळ पाळा, चुकवली तर पकड जाते.

रंगाचा कॅन आतली गोळी वाजायला लागल्यावर अजून दोन मिनिटं हलवा. पार्टपासून २०-२५ सेंटीमीटर अंतर, पार्टच्या बाहेर बटण दाबायचं, सरळ हात न्यायचा, पलीकडे गेल्यावर सोडायचं, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्या पट्ट्यावर चढवायचा. पहिल्या कोटात खालचं प्लॅस्टिक दिसलं तरी चालेल, दिसायलाच हवं खरं तर. मधे साधारण दहा मिनिटं सोडत तीन पातळ कोट. ओघळ आला तर बोट लावू नका, पूर्ण कडक होऊ दे, मग ८०० ने पाण्यात घासून तेवढ्याच भागावर पुन्हा मारा. दमट हवेत काम पुढे ढकला, रंगावर पांढरट धुकं येतं. वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक कोट, द्यायचा असेल तर मॅट किंवा सॅटिन घ्या, ग्लॉसने कंपनीचा लूक जातो.

तब्येतीचं मनापासून सांगतो, कापडी किंवा धुळीचा मास्क इथे उपयोगाचा नाही, सॉल्व्हंटच्या वाफांसाठी कार्बन कार्ट्रिजवाला मास्क लागतो. हवा खेळती हवी, जवळपास कुठलीही ज्योत किंवा ठिणगी नको. हार्डनर मिसळून वापरायचा टू-के क्लिअर घरी नकोच, त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, दम्यासारखा त्रास कायमचा मागे लागू शकतो.

एअरबॅगचं कव्हर रंगवू नका. बंपरमागे रडार असेल तर त्या भागावर मेटॅलिक रंग नको, धातूचे कण सिग्नल अडवतात, आणि पार्किंग सेन्सरची तोंडं झाकून ठेवा.

टेप रंग जरा ओलसर असतानाच, मागे दुमडत हळू ओढा. हाताला कोरडं लागलं तरी रंग आतून मऊच असतो, म्हणून पार्ट दुसऱ्या दिवशी बसवा आणि आठवडाभर धुणं, प्रेशर वॉशर, पॉलिश काहीही नको. कॅन उरला असेल तर उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबा, नोझल चोंदणार नाही आणि पुढे दगडाचा टवका उडाला की तोच रंग हाताशी असेल.